घरच्या बारचं सिंक कोणत्या मटेरियलचं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बरीच वर्षं मी लोकांच्या घरी स्वयंपाकघरं आणि बार काउंटर बसवून देतो. बारचं लाकूड ठरतं, दिवे ठरतात, बाटल्यांचं कपाट ठरतं. सिंकचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दगड कापणारा माणूस दारात येऊन उभा राहिला की मेसेजवर येतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. ज्यांच्या बारवर फक्त कोकम सरबत आणि लिंबू सोडा होतो, त्यांनाही हे सगळं तितकंच लागू आहे.

१. स्वयंपाकघरात सिंक आहेच. बारसाठी मटेरियलचा वेगळा विचार कशाला?

कारण दोन्हीकडचा त्रास वेगळा आहे. स्वयंपाकघरातल्या सिंकला कुकर, कढई, तवा यांचं वजन सोसायचं असतं, गरम तेलकट पाणी सोसायचं असतं, आणि ते दिवसातून चार वेळा घासलं जातं. बारच्या सिंकमध्ये जड किंवा गरम असं जवळजवळ काहीच पडत नाही. तिथे पडतं लिंबू, मीठ, बर्फ, वाइनचा तळ, सोडा आणि पातळ काच. आणि पाहुणे रात्री एक वाजता गेल्यावर ते सगळं सकाळपर्यंत तसंच राहतं. सात-आठ तास पिळलेली लिंबं एका जागी पडून राहणं हीच बारच्या सिंकची खरी परीक्षा असते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, म्हणजे तो चांगलाच आम्लधर्मी असतो. म्हणून मी प्रत्येक मटेरियलबद्दल आधी एकच गोष्ट बघतो: रात्रभर लिंबू आणि मीठ पडून राहिलं तर याचं काय होईल?

२. फार खोलात जायचं नाही. एकच सांगा, काय घेऊ?

३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, पत्रा किमान १ मिलिमीटर, मॅट फिनिश, कोपरे गोलाकार, खोली आठ इंच. समुद्रापासून लांब राहणाऱ्या दहापैकी आठ घरांना मी हेच सुचवतो. समुद्राजवळ राहत असाल तर प्रश्न १४ वाचा.

३. ३०४, २०२, ३१६ हे आकडे नक्की काय सांगतात?

स्टीलमध्ये काय काय मिसळलं आहे, ते सांगतात. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच गंज अडवतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा धरतो. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली बनवलेलं स्टील याच गुणामुळे गाजलं.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. भांड्यांवर आणि चमच्यांवर १८/८ लिहिलेलं दिसतं ते हेच. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेलं असतं. नवं असताना दोन्ही सारखीच दिसतात, पण मीठ आणि आम्ल एकत्र आलं की २०२ लवकर हार मानतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असतं आणि त्यामुळे ते खारट हवेत टिकतं. घरगुती स्टेनलेस स्टील सिंकसाठी आपल्याकडे आयएस १३९८३ हे भारतीय मानक आहे. सिंकवर किंवा खोक्यावर त्याचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्यावं.

४. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं मानायचं का?

नाही, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त लोक फसतात. चुंबक घट्ट चिकटलं तर ते ४३० सारखं निकेल नसलेलं स्टील आहे, एवढं कळतं. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४ आणि २०२ मधला फरक चुंबकाने मुळीच कळत नाही. उलट अस्सल ३०४ चं सिंक दाबून बनवताना कोपऱ्यात पत्रा ताणला जातो आणि तिथे चुंबक हलकंसं ओढलं जातं. ते पाहून एका ग्राहकाने चांगलं सिंक परत पाठवलं होतं.

खरी खात्री करायची तर स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे मिळणारं तपासणीचं द्रावण वापरा. थेंब टाकायचा आणि छोट्या बॅटरीच्या तारा लावायच्या. मँगनीज जास्त असलेल्या २०० मालिकेच्या स्टीलवर थेंब लालसर होतो, ३०४ वर तसा होत नाही. चाचणी सिंकच्या मागच्या बाजूला करा, डाग पडला तरी दिसणार नाही. आणि बिलावर ‘एसएस ३०४’ असं लिहून घ्या. ‘एसएस’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

५. गेज आणि मिलिमीटर यांत गोंधळ होतो. पत्रा किती जाड हवा?

गेजचा आकडा जितका लहान, पत्रा तितका जाड. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, २० गेज म्हणजे ०.९ च्या आसपास. बारच्या छोट्या सिंकला १ मिलिमीटर पुरतो. त्याहून पातळ पत्र्यात बर्फाचे खडे टाकले की डबा वाजवल्यासारखा आवाज होतो, आणि बार तर बहुतेक वेळा हॉलमध्येच असतो. आवाजाचा निकाल फक्त जाडीवर लागत नाही. सिंक उलटं करून बघा. खाली रबराचे जाड पॅड चिकटवलेले असतील आणि वरून लेप असेल तर आवाज निम्मा होतो. हा लेप आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे, ते प्रश्न १६ मध्ये आलं आहे.

६. चकचकीत घ्यावं की मॅट? आणि हे काळं, सोनेरी सिंक टिकतं का?

मॅटच घ्या. आरशासारख्या सिंकवर पहिल्या आठवड्यात जे ओरखडे पडतात ते कायमचे डोळ्यांत खुपतात. बारच्या वर दिवा सोडलेला असेल तर जास्तच.

काळ्या आणि सोनेरी सिंकमध्ये दोन जाती आहेत. एकात निर्वात पेटीत धातूचा अतिपातळ थर स्टीलवर बसवतात, त्याला बाजारात पीव्हीडी म्हणतात. हा थर कठीण असतो आणि लिंबाला दाद देत नाही. दुसऱ्यात सरळ रंगासारखा लेप असतो. तो वेस्टच्या, म्हणजे पाणी खाली जाण्याच्या, भोकाच्या कडेने आधी सुटतो. दुकानात भोकाच्या कडेवरून बोट फिरवून बघा. रंगाची जाडी बोटाला जाणवली, कड गुळगुळीत गोलसर लागली, तर तो लेप आहे. दोन्हीला तारेची घासणी वर्ज्य. आणि आत मूळ स्टील कोणतं, हे इथेही विचारायचंच, कारण सोनेरी रंगाखाली २०२ सहज खपतं.

७. कोपरे काटकोनातले असलेलं ‘हँडमेड’ सिंक सुंदर दिसतं. घेऊ का?

दिसतं खरं. पण पुदिन्याची पानं, लिंबाच्या बिया आणि साखर त्याच कोपऱ्यांत जाऊन बसते आणि टूथब्रशशिवाय निघत नाही. तो आकार आवडत असेल तर आतल्या कोपऱ्याला किमान १० मिलिमीटरची गोलाई असलेलं मागा. दुकानात त्याला आर-१० म्हणतात.

८. क्वार्ट्झ किंवा ‘ग्रॅनाइट’ सिंक म्हणजे खरा दगड का? बारसाठी कसं?

खरा दगड नाही. साधारण ८० टक्के क्वार्ट्झची बारीक खडी आणि उरलेली ॲक्रिलिक राळ साच्यात ओतून ते बनवतात. जर्मनीतल्या शॉक कंपनीने १९७९ मध्ये हा प्रकार आणला. लिंबू, मीठ, वाइन यांना ते अजिबात भीत नाही. ओरखडेही सहसा पडत नाहीत, कारण क्वार्ट्झची कठीणता मोस मापावर ७ आहे आणि काच साडेपाचच्या आसपास. आवाज तर नाहीच.

पण तीच कठीणता बारमध्ये उलटते. ग्लास निसटला तर सिंकला काही होत नाही, ग्लासचे मात्र तुकडे होतात. शिवाय काळ्या सिंकवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग ठळक दिसतात आणि पांढऱ्यावर कोकम. मधला राखाडी किंवा वाळूचा रंग घेतलात तर दोन्ही त्रास कमी होतात. ज्यांना पार्टीतही शांतता हवी आणि जे ग्लास जपून हाताळतात, त्यांना मी हे आनंदाने सुचवतो.

९. लाल वाइन, कोकम, बीट यांचे डाग कशावर पडत नाहीत?

स्टीलवर आणि चांगल्या चिनीमातीच्या झिलईवर पडत नाहीत. क्वार्ट्झच्या फिकट सिंकवर वर वर बसतात, खाण्याचा सोडा ओला करून अर्धा तास लावून ठेवला की निघतात. संगमरवरात मात्र आत मुरतात. नाशिकची लाल वाइन असो की कोकणातलं आगळ, रंगही गडद आणि आम्लही भरपूर. आगळाचे दोन थेंब पांढऱ्या संगमरवरावर रात्रभर राहिले तर सकाळी दोन नुकसानं दिसतात: एक गुलाबी ठिपका, आणि तो पुसल्यावर त्याखाली उडालेली झिलई. ठिपका एखादेवेळी जाईल, झिलई परत येत नाही.

१०. काउंटरच्याच दगडातून सिंक कोरून घ्यायचं आहे. कडाप्पा चालेल का?

चालणार नाही. कडाप्पा, कोटा, शहाबादी आणि संगमरवर हे दिसायला कितीही वेगळे असले तरी चुन्याच्या कुळातले दगड आहेत. आम्ल लागलं की विरघळतात. जुन्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या मोऱ्यांना शहाबादी फरशी वर्षानुवर्षं टिकली, कारण तिथे साबण आणि राख पडायची, लिंबू नाही. बारमध्ये त्याच फरशीवर पांढरट, खरखरीत वळ उमटतात.

खरा ग्रॅनाइट चालतो. दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून नेमकं काय देत आहेत, हे घरी तपासणं सोपं आहे: दगडाच्या तुकड्यावर अर्धं लिंबू पिळा आणि तासभर ठेवा. पुसल्यावर तिथली चमक गेलेली दिसली तर तो दगड बारसाठी नको. तुकडा दुकानदार फुकट देतो, आणि तेवढं करायला कोणी तयार नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दगडात कोरलेल्या सिंकच्या सांध्यांना आणि उताराला चांगला कारागीर लागतो, तोही प्रश्न आहेच.

११. तांब्याचं सिंक बारवर फार शोभून दिसतं. तोटे काय?

शोभतं यात शंका नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत आजही हातोडीने ठोके देऊन तांब्यावर नक्षी उठवतात. त्या कामाला माठारकाम म्हणतात. तसं ठोक्यांचं सिंक दिव्याखाली पाहिलं की बाकी सगळं फिकं वाटतं. ठोक्यांचा एक व्यावहारिक फायदाही आहे: पत्रा ताठ होतो आणि ओरखडे त्या खळग्यांत हरवून जातात.

पण तांबं स्थिर राहत नाही. ते तपकिरी होईल, काळपट होईल, आणि जिथे लिंबाची फोड रात्रभर राहिली तिथे सालीच्या आकाराचा लख्ख गुलाबी डाग दिसेल. चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीवर जो रंग येतो तोच. हे रंग बदलणं आवडत असेल तरच तांबं घ्या. दर शनिवारी पितांबरी लावून सिंक एकसारखं चमकवायचं ठरवलंत, तर दोन महिन्यांत कंटाळा येईल.

तांब्यावर जंतू टिकत नाहीत, हे खरं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना तशी नोंदणीही दिली. पण काळं पडू नये म्हणून वर लाखेचा किंवा लॅकरचा थर दिलेला असेल तर हा गुण झाकला जातो. आणि महत्त्वाचं: आंबट पदार्थ तांब्याला विरघळवतो. म्हणून तांब्याच्या सिंकमध्ये ठेवलेला बर्फ प्यायच्या ग्लासात टाकू नका. त्यात बाटल्या गार करा, बर्फ वेगळ्या बादलीतून घ्या.

पितळेला हेच सगळं लागू आहे. फक्त पितळेचा रंग लिंबाने पिवळ्यावरून लालसर होतो, कारण त्यातलं जस्त आधी निघून जातं.

१२. आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर आहे. त्याचं सिंक करता येईल?

येईल, आणि हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. पण चार गोष्टी आधी बघाव्या लागतात.

पहिली, घंगाळात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला तर सांधा गळतो आहे. दुसरी, जुन्या दुरुस्तीचा डाख बघा. राखाडी रेघ दिसली तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा त्या घंगाळात खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू, अगदी बर्फसुद्धा, ठेवायची नाही, सिंक म्हणूनच वापरायचं. तिसरी, तळ. घंगाळाचा तळ सपाट असतो, त्यामुळे मध्ये भोक पाडलं तरी भोवती चमचा-दोन चमचे पाणी साचून राहतं आणि तिथे हिरवं कडं धरतं. तांबटाकडे नेलं तर तो तळ आतून ठोकून भोकाकडे हलकी खोलगट उतरण देतो. एका घरात आम्ही हे केलं तेव्हा कारागिराने आधी तळावर मूठभर तांदूळ टाकले, घंगाळ बोटाने टिचकी मारून हलवलं, आणि दाणे कुठे जमतात ते पाहून मगच हातोडी उचलली. आता त्या सिंकमध्ये थेंब राहत नाही.

चौथी गोष्ट वेस्टची. घंगाळाला ओव्हरफ्लो, म्हणजे जास्तीचं पाणी जायला काठाजवळचं भोक, नसतं, म्हणून बूच लागणारं वेस्ट बसवू नका, कायम उघडं राहणारं बसवा. आणि घंगाळ काउंटरवर ठेवलं की काठ वर येतो, तेव्हा काउंटरची उंची तेवढी कमी धरा, नाहीतर हात धुताना कोपर खांद्याला लागतं.

कल्हई करावी का, असंही विचारतात. आतून रुपेरी हवं असेल तर करा. पण कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, घासून घासून तो जातोच. भांड्यांना दर काही महिन्यांनी कल्हईवाला बोलवायची पद्धत होती, ती उगाच नव्हती. बसवलेलं सिंक काढून भट्टीवर न्यायचं कोण? मी तरी तांबं उघडंच ठेवतो. कड्या कापू नका. तीच त्याची ओळख आहे.

१३. ग्लास कशात कमी फुटतात?

तळाला चटई वगैरे काही नसेल तर पातळ स्टील सर्वांत मऊ पडतं, कारण पत्रा थोडा लवतो. त्याखालोखाल ॲक्रिलिक सॉलिड सरफेस (पाहा प्रश्न १८). चिनीमाती, क्वार्ट्झ आणि दगड यांत निसटलेला ग्लास क्वचितच वाचतो. तळाला सिलिकॉनची जाळीदार चटई टाकली तर फरक बराच भरून निघतो. पण झोपण्याआधी ती उचलून उभी ठेवा. चटईखाली खारट-आंबट पाणी अडकून राहिलं तर ३०४ वरही ठिपके पडतात.

आणि खोली. वाइन ग्लासची उंची आठ-नऊ इंच असते. सहा इंच खोल सिंकमध्ये तो धुताना नळाच्या तोंडावर आपटतो. फुटलेल्या ग्लासांपैकी बरेचसे तळावर नाही, नळावर फुटतात. नळ उंच मानेचा घ्या.

१४. गोव्यात, अलिबागला किंवा रत्नागिरीला घर आहे. ३०४ चालेल का?

घरात, बंद खोलीत चालेल. उघड्या बाल्कनीत, खारा वारा थेट येत असेल तर काही महिन्यांत चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दिसू लागतात. हे खोलवरचं गंजणं नसतं, पण दिसायला वाईट. स्टीलच्या व्यवहारातला ठोकताळा समुद्रापासून ५ किलोमीटरचा आहे. त्या पट्ट्यात उघड्यावरच्या बारसाठी ३१६ घ्या. तयार सिंकमध्ये ते शोधावं लागतं, त्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून पत्रा वाकवून बनवून घेणं सोपं जातं. वेल्डिंगची काडीही ३१६ चीच हवी, नाहीतर सांधे आधी तांबूस होतात.

गोव्यात एक जास्तीची गोष्ट. उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, निघतं, त्यात लिंबू सोडा, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. म्हणजे स्टीलला जे जे नको ते सगळं एका ग्लासात. तिथे रात्री झोपण्यापूर्वी सिंकवर गोडं पाणी ओतून फडक्याने कोरडं करा. या एका सवयीने मी ३०४ ची सिंकं समुद्राजवळही चांगली टिकलेली पाहिली आहेत.

१५. ३०४ चं नवं सिंक घेतलं, बिलही आहे, तरी पंधरा दिवसांत तांबूस ठिपके आले. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. तक्रार करण्याआधी तीन गोष्टी आठवून बघा.

सिंक बसवल्यानंतर टाइल्स ॲसिडने धुतल्या का? हे माझ्याच कामात घडलं. सिंक बसवून, पुसून, मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याने भिंतीवरचं सिमेंट काढायला ॲसिड वापरलं. सिंकवर एक थेंब पडला नव्हता, पण खिडक्या बंद होत्या. नुसत्या वाफेने संध्याकाळपर्यंत अख्ख्या सिंकवर तांबूस धुकं धरलं होतं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्यातलं क्लोराइड क्रोमियमच्या थराला भोकं पाडतं. त्या घराला मी सिंक बदलून दिलं. तेव्हापासून ॲसिडचं काम संपल्याशिवाय सिंकचं खोकं उघडत नाही. संडास साफ करण्याचं द्रावण आणि ब्लीच यांनाही हेच लागू.

दुसरं, बाटल्यांची लोखंडी बुचं. बिअरचं किंवा सोड्याचं बूच ओल्या सिंकमध्ये रात्रभर राहिलं की सकाळी दातेरी कडेचं अगदी गोल तांबूस वर्तुळ उमटतं. ते बुचाचं गंजणं आहे, सिंकचं नाही.

तिसरं, तारेची घासणी. तिचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि ते गंजतात.

शेवटचे दोन डाग निघतात. खाण्याचा सोडा आणि पाणी यांची लापशी करा, मऊ कापडाने ब्रशच्या रेघांच्या दिशेने चोळा, धुवा, कोरडं करा. रेघांना आडवं घासू नका. ॲसिडचे ठिपके हलके असतील तर याच पद्धतीने जातात. नखाला खड्डा लागत असेल तर जात नाहीत.

१६. सिंक कुठेही गळत नाही, तरी खालच्या कपाटाचं प्लाय फुगलं. असं कसं?

बर्फामुळे. जुलैत मुंबईत हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. सिंकमध्ये बर्फ ओतून बाटल्या ठेवल्या की स्टीलची खालची बाजू शून्याजवळ जाते आणि रात्रभर कपाटात ठिबकत राहते. प्लंबर येतो, गळती सापडत नाही, सिलिकॉन भरून जातो, आणि पुढच्या पार्टीला पुन्हा तेच.

उपाय मटेरियलमध्येच आहे. खालून लेप असलेलं स्टील घ्या, तो उष्णता अडवतो. क्वार्ट्झ आणि चिनीमातीची जाडी मुळातच जास्त, त्यांच्यावर हा त्रास कमी. तांब्यातून गारवा सर्वांत झटकन जातो, म्हणून ते खालून भरपूर पाझरतं. कपाटाला आयएस ७१० चं मरीन प्लाय वापरा आणि भोकाच्या कापलेल्या कडा रंगाने किंवा राळेने बंद करून घ्या. सुतार हे सांगितल्याशिवाय करत नाही.

१७. बाथरूमचं चिनीमातीचं बेसिन उरलं आहे. तेच लावलं तर?

डागांना चांगलं, ग्लासांना वाईट. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याचं भोक लहान असतं. लिंबाच्या बिया आणि पुदिना त्यात अडकतो आणि स्वयंपाकघरी सिंकसारखी काढता येणारी टोपलीची जाळी त्यात बसत नाही. तात्पुरतं चालेल.

१८. काउंटर कोरियनचा (Corian, ॲक्रिलिक सॉलिड सरफेस) आहे. सिंकही त्याचंच करू का?

करा. हे मटेरियल ड्युपॉन्ट कंपनीने १९६७ मध्ये शोधून काढलं. ॲक्रिलिक राळ आणि ॲल्युमिनियमच्या खनिजाची पूड असं मिश्रण असतं. सगळ्यात मोठा गुण म्हणजे काउंटर आणि सिंक यांत सांधाच राहत नाही, साखर आणि रस अडकायला जागा नाही. ओरखडा पडला तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येतो. कॉफीसाठी उकळतं पाणी त्यात थेट ओतत जाऊ नका, आधी नळ सोडा.

१९. बार महिन्यातून एकदाच वापरतो. सिंकमधून वास येतो आणि झुरळंही. मटेरियल बदलू का?

बदलू नका, सिंकचा यात दोष नाही. खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या पाइपात, साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहतं आणि तेच गटाराची हवा थोपवतं. वापर नसला की ते आटतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर काही आठवड्यांतच. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे गोडं तेल सोडा. तेलाचा तवंग वाफ अडवतो.

२०. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कशावर कमी दिसतात?

मॅट स्टीलवर. ते डाग कॅल्शियमचे असतात आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या सालीने सुटतात. पाच मिनिटं ठेवून धुऊन टाका. चुन्याच्या कुळातल्या दगडावर मात्र हा उपाय चुकूनही करू नका, कारण तिथे डाग आणि दगड दोन्ही एकाच पदार्थाचे असतात. पाहा प्रश्न १०.

२१. गच्चीवर बार करतोय. सिंकचं पाणी पावसाच्या पाइपात सोडलं तर चालेल ना?

नाही. सिंकचं पाणी सांडपाण्याच्या लाइनलाच जोडायला हवं, आणि त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पाइपाला फुटामागे पाव इंच उतार मिळतो का, तेही आधी मोजा. तेवढा उतार मिळत नसेल तर सिंकची जागाच बदलावी लागते. मटेरियलबद्दल बोलायचं तर सतत ऊन असेल तिथे क्वार्ट्झचे गडद रंग फिके पडतात, कारण त्यातली राळ उन्हाने मरते. तिथे स्टीलच.

२२. आधी दगड कापून घेतला, आता त्या भोकात बसेल असं सिंक मिळत नाही. काय करू?

भोक लहान असेल तर वाढवता येतं. पण गवंड्याच्या साध्या ग्राइंडरने कोपऱ्यातून सरळ काप दिला तर ग्रॅनाइटला तिथूनच तडा जातो. कोपऱ्यात आधी गोल भोक पाडून मग काप द्यायला सांगा. भोक मोठं असेल तर काठ वर दिसणारं, दगडावर टेकणारं सिंक शोधा, किंवा फॅब्रिकेटरला भोकाचं माप देऊन ३०४ च्या पत्र्यातून रुंद काठाचं बनवून घ्या. माप घेताना चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा, कारण हाताने कापलेलं भोक क्वचितच काटकोनात असतं. सर्वांत बरं म्हणजे एक पुठ्ठा भोकावर ठेवा, खालून पेन्सिलने आकार उतरवा, आणि तो पुठ्ठाच कापून फॅब्रिकेटरकडे न्या.